रिटेनर बसेना, दात पुन्हा सरकले: दुसऱ्यांदा ब्रेसेस लावायच्या आधी, लावताना आणि काढल्यावर

आठवीत ब्रेसेस निघतात. रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवायला त्यानंतर लावायचं साधन, नववीच्या सहामाहीपर्यंत कसाबसा लागतो, मग एखाद्या सहलीत किंवा लग्नाच्या धावपळीत राहून जातो आणि डबी कपाटात जाते. दहावी-अकरावीत फोटो काढताना लक्षात येतं की खालचा एक पटाशीचा दात शेजारच्याच्या मागे गेलाय, किंवा वरच्या दोन दातांमधली बुजलेली फट परत उघडलीय. घरात पहिलं वाक्य बहुधा पैशांचं निघतं, दुसरं आळशीपणाचं. राग समजू शकतो, पण त्यात महिना-दोन महिने गेले तर दात तेवढ्यात आणखी सरकतात आणि नव्या रिटेनरवर भागलं असतं त्या कामाला तारा लागतात. म्हणून बोलणी नंतर, आधी डबी शोधा.

आज रात्री: जुना रिटेनर लावून बघा

रिटेनर गार पाण्याखाली मऊ ब्रशने धुवा. पारदर्शक असेल तर आधी पुढच्या दातांवर टेकवा, मग दोन्ही बाजूंच्या दाढांवर बोटांनी दाबा. चावून बसवू नका. आता आरशासमोर, मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात पटाशीच्या दातांच्या कडा बघा. नीट बसलेल्या रिटेनरमध्ये दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यात जागा दिसत नाही. जो दात हललाय त्याच्या कडेशी हवेची एक बारीक चंद्रकोर दिसते. ती कुठल्या दातावर आहे ते लिहून ठेवा, डॉक्टरांना ते फार उपयोगी पडतं. रिटेनर तार आणि प्लेटचा, म्हणजे हॉली पद्धतीचा असेल तर प्लेट टाळूला सगळीकडे टेकते का आणि समोरची तार चारही पटाशीच्या दातांना सारखी लागते का ते बघा. जिभेचं टोक प्लेटखाली शिरत असेल तर ती बसलेली नाही.

रिटेनर पूर्ण बसला आणि फक्त घट्ट वाटला तर तुम्ही वेळेत जागे झालात. जेवण आणि दात घासणं सोडून दिवसरात्र लावा, म्हणजे २० ते २२ तास. घट्टपणा चार-पाच दिवसांत ओसरायला लागतो. दोन-तीन आठवडे असं ठेवा आणि त्या काळात डॉक्टरांना दाखवून या, रात्रीपुरता कधी करायचा ते तेच सांगतील.

एखाद-दुसऱ्या दातावर चंद्रकोर राहत असेल आणि दुखत नसेल, तर क्लिनिकला फोन करून विचारा. बरेचदा ते ‘भेटीपर्यंत लावून ठेवा’ म्हणतात. भेट त्याच आठवड्यातली घ्या, महिन्याभरानंतरची नको.

बसतच नसेल तर जबरदस्ती करू नका. साधारण मिलीमीटरभर जाडीचं ते प्लास्टिक तडकतं, आणि तडकलं नाही तर सगळा जोर चुकीच्या दिशेने एकाच दातावर येतो. हा रिटेनर फेकूनही देऊ नका. उपचार संपला तेव्हा दात नेमके कुठे होते याचा तो साचा आहे, डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. कोमट किंवा गरम पाण्यात बुडवून ‘सैल’ करणं, ब्लेडने कड कापणं, भावंडाचा लावून बघणं, यातलं काही करू नका. गरम पाण्याने प्लास्टिकचा आकार बिघडतो आणि तो साचाही जातो.

एक गोष्ट मुलांना समोर बसवून सांगायला हवी. फट बुजवायला दोन दातांभोवती साधं रबर अडकवायचे व्हिडिओ फिरत असतात. दात मुळाकडे निमुळता होत जातो. त्यामुळे रबर घसरून हिरडीखाली जातं, दिसेनासं होतं आणि मुळाच्या टोकाकडे सरकत दाताभोवतीचं हाड झिजवत राहतं. असे धडधाकट पटाशीचे दात कायमचे गेल्याची उदाहरणं दंतवैद्यकात नोंदलेली आहेत.

दातांच्या मागे चिकटवलेली पक्की तार असेल तर ती आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एका दातावरचा सिमेंटचा ठिपका सुटला तरी तार बाकीच्यांच्या आधाराने जागेवर दिसते आणि तो एकटा दात सरकतो. लाकडी टूथपिकच्या टोकाने प्रत्येक दाताजवळ तार हलकेच ढकलून बघा. हलली तर तिथलं सिमेंट गेलंय. तार घट्ट असूनही वाकलेली असेल तर दात पिळला जातो. एकाच दाताचं मूळ हिरडीतून पुढे आल्यासारखं वाटलं किंवा तिथली हिरडी खाली उतरली, तर ही भेट लांबवू नका.

शेवटी पाच फोटो काढा: दात मिटून समोरून, उजवीकडून, डावीकडून, मग तोंड उघडून वरची आणि खालची ओळ. गाल मागे ओढायला दोन स्टीलच्या चमच्यांचे दांडे पुरतात. भेट होईपर्यंत दर रविवारी त्याच खिडकीपाशी तेच फोटो घ्या. दात थांबलेत की अजून चाललेत, हे दोन फोटो शेजारी ठेवल्यावर कळतं.

दात परत का येतात

मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ पडदा असतो, जाडी साधारण पाव मिलीमीटर. दात हलतो तो याच पडद्यामुळे. ब्रेसेस निघाल्यावर हे तंतू नव्या जागी जुळवून घ्यायला तीन-चार महिने लागतात. हिरडीतल्या कोलॅजनच्या तंतूंना चार ते सहा महिने लागतात, आणि दाताच्या मानेभोवतीचे लवचीक तंतू त्याहून कितीतरी हट्टी असतात. नॉर्वेचे संशोधक कारे राइटान यांनी कुत्र्यांचे दात फिरवून १९५९ मध्ये जो अभ्यास मांडला, त्यात २३२ दिवसांनंतरही हे तंतू ताणलेले होते. मुळात पिळलेला दात सगळ्यांत आधी परत पिळतो आणि बुजवलेली फट परत उघडते, ते यामुळेच.

किशोरवयात वाढही चालू असते. बाराव्या-तेराव्या वर्षी ब्रेसेस निघाल्या तरी खालचा जबडा पुढची काही वर्षं वाढतो, मुलग्यांमध्ये तर अठराव्या वर्षापर्यंत किंवा थोडा पुढेही. खालच्या पटाशीच्या दातांची दाटी तर कधीच ब्रेसेस न लावलेल्यांतही वयाबरोबर वाढते. त्यामुळे सगळं खापर मुलावर फोडू नका. रिटेनर न लावल्याने दात सरकले हे खरं, पण तोंड वर्षभरही एका जागी थांबत नसतं हेही तेवढंच खरं. अक्कलदाढ पुढे ढकलते म्हणून दात वाकडे होतात, हे मात्र घरोघर ऐकू येत असलं तरी अभ्यासांत त्याला आधार मिळालेला नाही. केवळ या कारणासाठी अक्कलदाढा काढायला सांगितलं तर कारण पुन्हा विचारा.

वरचे आणि खालचे पुढचे दात मिटल्यावर एकमेकांना टेकेनासे झाले असतील तर जिभेकडे लक्ष द्या. पाण्याचा घोट गिळताना जीभ दातांच्या मधून पुढे येते का? रात्री तोंड उघडं राहतं का, नाक सतत चोंदलेलं असतं का? ही सवय तशीच राहिली तर दुसऱ्यांदा लावलेल्या ब्रेसेसचंही तेच होणार. त्याचा इलाज उपचारासोबतच सुरू व्हायला हवा.

कोणाकडे जायचं, सोबत काय न्यायचं

पहिला फोन ज्यांनी ब्रेसेस लावल्या होत्या त्यांनाच करा. लाज वाटून लोक नव्या क्लिनिकमध्ये जातात आणि तिथे सगळं शून्यापासून सुरू होतं. जुन्या डॉक्टरांकडे सुरुवातीचे आणि शेवटचे साचे किंवा स्कॅन, ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे), डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे (सेफालोग्राम) आणि कुठला दात किती फिरवला होता याची नोंद असते. रिटेनर न लावलेलं मूल त्यांना नवीन नसतं. दरम्यान घोडबंदर रोडवरून पनवेलला राहायला गेला असाल किंवा क्लिनिकच बंद झालं असेल, तर किमान एक्स-रे आणि स्कॅनची फाइल मागून घ्या.

नवीन डॉक्टर शोधताना पाटीवर बीडीएसच्या पुढे एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्स आहे का ते बघा. तो वेगळा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि दुसऱ्यांदा होणाऱ्या उपचारात त्याचा फरक पडतो. खर्च जड जात असेल तर नवी मुंबईकर आणि ठाणेकर या बाबतीत नशीबवान आहेत. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, सीबीडी बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वायएमटी, कामोठ्याला एमजीएम अशी दंत महाविद्यालयं एकाच पट्ट्यात आहेत, आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल गाडी बदलावी न लागता तिथवर जाते. तिथे काम पदव्युत्तर विद्यार्थी करतात, वर शिक्षक बघतात. भेटी दिवसा आणि लांब चालतात, आणि तो विद्यार्थी मध्येच पास होऊन गेला तर केस दुसऱ्याकडे जाते. ‘तुमचं कितवं वर्ष?’ हे पहिल्याच दिवशी विचारायला हरकत नाही.

पैशांचा आकडा क्लिनिकगणिक बदलतो, म्हणून नुसता आकडा विचारून उपयोग नाही. त्यात शेवटचे रिटेनर धरलेत का, किती जोड्या, ब्रॅकेट (तार धरणारा, दातावर चिकटवलेला तुकडा) तुटलं तर वेगळे पैसे पडतात का, मागे चिकटवायची तार धरलीय का, ब्रेसेस काढल्यानंतर किती भेटी, हे कागदावर लिहून घ्या.

तपासणीत काय व्हायला हवं

दात किती सरकले हे नजरेने न सांगता मोजता येतं. खालच्या पुढच्या सहा दातांमधल्या पाच सांध्यांवर दात एकमेकांपासून किती मिलीमीटर मागेपुढे आहेत ते मोजून बेरीज करतात. रॉबर्ट लिटल यांनी १९७५ मध्ये ही पद्धत दिली. बेरीज ३ पर्यंत असेल तर किरकोळ, ४ ते ६ मध्यम, ७ च्या पुढे गंभीर. ‘आमची बेरीज किती आली?’ असं विचारलंत की पुढची चर्चा नेमकी होते.

नवा ओपीजी न बघता दुसऱ्यांदा ब्रेसेस लावायला बसू नका. दात हलवताना मुळांची टोकं थोडी झिजतात आणि दुसरा उपचार त्याच मुळांवर होणार असतो. टोकं आखूड, बोथट झालेली दिसली तर जोर कमी ठेवतात, मध्ये मध्ये थांबतात, सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे बघतात, किंवा थोडं कमी सरळ चालवून घेतात. याशिवाय कीड, ब्रॅकेटच्या जागी उरलेले खडूसारखे पांढरे डाग आणि घासताना रक्त येणारी हिरडी आधी बरी करायची. सुजलेल्या हिरडीत दात हलवले तर हाड कमी होतं.

कुठला मार्ग

किरकोळ बदल असेल, चावा जुळत असेल, म्हणजे मिटल्यावर वरचे-खालचे दात नीट बसत असतील, आणि मुलाला त्याचं काही वाटत नसेल, तर दात आहेत तिथेच थांबवणं हाही पूर्ण उपचार आहे. त्या स्थितीवर नवा रिटेनर आणि मागे तार, बास. हा पर्याय पालकांना पराभवासारखा वाटतो, पण मुळांच्या दृष्टीने तो सगळ्यांत सुरक्षित आहे.

एक-दोन दात मिलीमीटरभर हलले असतील तर साच्यावर ते दात सरळ करून बनवलेला स्प्रिंगचा रिटेनर किंवा चार-सहा अलाइनर (दात थोडे थोडे सरकवणारे, काढघालीचे पारदर्शक साचे) पुरतात. अलाइनरचा एक संच दात साधारण पाव मिलीमीटर हलवतो, एक-दोन आठवडे लावतात आणि दिवसाला २० ते २२ तास लावावा लागतो. जागा कमी असेल तर दातांच्या बाजू घासतात. एका सांध्यात दोन दात मिळून अर्धा मिलीमीटरपर्यंत, म्हणजे पाच सांध्यांतून अडीच मिलीमीटर जागा निघते. प्रमाणात केलं तर याने दात कमजोर होत नाहीत. मात्र पहिल्या उपचारातही घासलं होतं का ते सांगा, कारण त्याच जागी पुन्हा तेवढंच घासता येत नाही.

बेरीज चारच्या पुढे असेल, सुळे किंवा उपदाढा पिळल्या असतील, तर ब्रेसेसच बऱ्या. फक्त पुढच्या दातांचं काम असेल तर साधारण चार ते आठ महिने, चावाही बिघडला असेल तर वर्ष-दीड वर्ष. अलाइनर की ब्रेसेस यावर आमचं मत स्पष्ट आहे. ज्या मुलाने रात्रीचा रिटेनर लावला नाही, त्याला दिवसाचे बावीस तास लावायची आणि दर जेवणाला काढायची गोष्ट देऊन परीक्षा बघू नये. चिकटवलेली ब्रेसेस विसरता येत नाही. मुलगा आता मोठा झालाय, स्वतःहून मागतोय, तर गोष्ट वेगळी. पण आधी जुना किंवा तात्पुरता रिटेनर महिनाभर रोज लावून दाखवू दे. एक्स-रे न काढता, घरी साचा पाठवून कुरिअरने येणारे अलाइनर दुसऱ्या उपचारासाठी तर मुळीच नकोत. मुळं बघितल्याशिवाय दात हलवायचे नसतात.

तारा लागल्यावर

हे सगळं एकदा झालेलं असतं, त्यामुळे थोडक्यात. पहिली तार बहुतेक ०.०१४ इंची निकेल-टायटॅनियमची, नरम. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक, आठवड्यात जातं. मऊ भात, पिठलं, उपमा यावर ते दिवस निघतात. चकली, कडबोळी, चिक्की, डिंकाचा लाडू, ऊस आणि दातांनी सोललेलं मक्याचं कणीस ब्रॅकेट उखडतं. पेरू आणि कैरी फोडी करून. मिसळ चालेल, फरसाण भिजू द्या. हळदीने ब्रॅकेटवरची पारदर्शक रबरं पिवळी पडतात, त्याला इलाज नाही, रंगीत घ्या. फ्लोराइडची पेस्ट, जेवणानंतर प्रत्येक वेळी ब्रश, भेट चार ते सहा आठवड्यांनी. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, तेव्हा पहिली तार जानेवारीत लावू नका. दिवाळीनंतर लगेच किंवा परीक्षा संपल्यावर.

ब्रेसेस काढायच्या आधीच रिटेनर ठरवा

खरी मेहनत इथे घ्यायची आहे. शेवटच्या तीन-चार महिन्यांतल्या एका भेटीत डॉक्टरांशी यावरच बोला.

मुळात पिळलेल्या दातांसाठी विचारा: हिरडीतले ते लवचीक तंतू बधिर करून कापायचे का? दाताभोवती बारीक चीर देण्याची ही छोटी प्रक्रिया आहे आणि पिळ परत येणं तिने कमी होतं. सगळ्यांना लागत नाही, पण एकच दात दोनदा पिळला असेल तर हा प्रश्न विचारायलाच हवा.

पहिल्यांदा नुसता काढघालीचा रिटेनर होता आणि तो लागला नाही, तर या वेळी खाली सुळ्यापासून सुळ्यापर्यंत मागून तार चिकटवून घ्या आणि तिच्यावरून रात्रीचा पारदर्शक रिटेनर. दोन्ही का? तार तुटली तर रिटेनर धरतो, रिटेनर राहिला तर तार धरते. तारेमागे दगड, म्हणजे टार्टर, लवकर साचतो. धागा तारेखालून ओवायला जाड टोकाचा सुपरफ्लॉस किंवा दातांच्या फटीत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश वापरायचा, आणि सहा महिन्यांनी सफाई.

माप किंवा स्कॅन ब्रेसेस निघतील त्याच दिवशी घेऊन रिटेनर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी हातात यायला हवा. ‘पुढच्या शनिवारी या’ हे मान्य करू नका. पहिल्या आठवड्यात दात सगळ्यांत सैल असतात. एकाच मापावर दोन जोड्या करून घ्या आणि स्कॅनची फाइल स्वतःकडे ठेवा, म्हणजे एक हरवला तर नव्याने माप न देता दुसरा बनतो.

किती वेळ लावायचा हे डॉक्टर ठरवतील. सर्वसाधारण पद्धत अशी: पहिले तीन ते सहा महिने जेवण-ब्रश सोडून पूर्ण वेळ, मग रोज रात्री, आणि वाढ संपेपर्यंत एकही सुट्टी नाही. त्यानंतरही रात्री लावणं थांबवायची ठरावीक तारीख नसते. मुलांना हे आधीच सांगा. ‘दोन वर्षांनी सुटका’ असं सांगितलेलं मूल दोन वर्षांनी डबी कपाटात टाकतं.

रिटेनर हरवायच्या जागा ठरलेल्या आहेत. फूड कोर्टात टिश्यूत गुंडाळून ट्रेवर ठेवला की ट्रेसकट कचऱ्यात. म्हणून तोंडात नसेल तेव्हा डबीत, तिसरी जागा नाही. डबी भडक रंगाची आणि भोकांची घ्या, बंद डबीत पावसाळ्यात ओला रिटेनर कुबट वास मारतो. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला वाकडा होतो. घरातलं कुत्रं लाळेच्या वासाने तो शोधून चावतं. सफाई गार पाणी, मऊ ब्रश आणि द्रव साबणाच्या थेंबाने करा. टूथपेस्टने चरे पडतात आणि तिथे थर धरतो. आठवड्यातून एकदा डेन्चर, म्हणजे कवळी, धुवायच्या गोळीच्या पाण्यात, पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ. लावलेला असताना फक्त पाणी प्यायचं. कोकम सरबत किंवा उसाचा रस आत अडकून दातांना तासभर साखरेत भिजवत ठेवतो.

रोज रात्री ‘लावलास का रे?’ विचारून घरात फक्त वाद वाढतो. डबी टूथब्रशच्या मगातच ठेवा, म्हणजे ब्रशला हात घालताना ती उचलावीच लागते. आणि रविवारी सकाळी एकदा, मुलानेच, उजेडात चंद्रकोर तपासायची. एक-दोन रात्री चुकल्यावर घट्ट लागला तर पुढच्या तीन-चार रात्रींसोबत दुपारीही लावायचा. आठवड्यात सैल झाला नाही तर फोन करायचा.

गणपतीला गावी निघताना एक जोडी बॅगेत आणि दुसरी घरी ठेवा. गावी गेलेली हरवली तर त्याच दिवशी क्लिनिकला फोन करून फाइलवरून नवी बनवायला सांगा, आणि परत येताच घरची जोडी त्याच रात्रीपासून लावा. मधल्या रात्रींचा घट्टपणा दोन-तीन दिवस जाणवेल.